दोन प्लेटा

रूपचंदच्या मिरची कांडपाला पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. तापीकडून गावात शिरलेल्या माणसाला त्याचं नाकच वाट दाखवायचं. जिथं दुसरी शिंक आली तिथून उजवीकडे वळायचं, की आलीच गिरणी. पुढं कांडपयंत्र आणि दळणाची चक्की, मागं दोन खोल्यांचं घर, आणि दोन्हींवर मिळून एकच सपाट सिमेंटचं छत. गावाच्या तोंडाला चव कोण देतं असं कुणी गमतीनं विचारलं, तर रूपचंद खुशाल स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा. खरी गोष्ट वेगळी होती. मिरची किती कडक वाळली, तिला तेलाचा हात किती द्यायचा, लाल रंगासाठी कुठली आणि तिखटासाठी कुठली, हे सगळं त्याची बायको रंजनाबाई ठरवायची. रूपचंदचं काम बटण दाबायचं आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचं. ते मात्र तो फार मन लावून करायचा.

यंत्राच्या धडधडीत बोललेलं काही ऐकू येत नाही. त्यामुळे लग्नानंतरची पहिली काही वर्षं या नवरा-बायकोचा निम्मा संसार हातवाऱ्यांवर चालला. थांब, सोड, झालं, चहा पाहिजे, हे सगळं बोटांनी. आणि तो पाठमोरा असला, की ती हातातली वाटी लोखंडी खांबावर आपटायची. रूपचंदला धडधडीतसुद्धा तो आवाज कळायचा. बाकी कशाला तो लगेच उठेल याची खात्री नसे, पण वाटी वाजली की तो हातातलं टाकून वळायचा. शेजारची छबूबाई, जी लग्न होऊन आल्यापासून रंजनाबाईची जिवाभावाची मैत्रीण होती आणि हंगामात गिरणीवर मिरची निवडायला यायची, ती म्हणायची, "भाऊ, तुमले देवनी घंटा नही आयकू येत, पन हाई वाटी बरी आयकू येस!"

मिरचीनं घर उभं केलं, पोरीचं लग्न करून दिलं आणि शेवटी आपला हिशेब रंजनाबाईच्या छातीतून वसूल केला. आधी खोकला, मग दम, मग चार पावलं चाललं की भिंत धरणं. नंदुरबारच्या डॉक्टरनं फोटो उजेडावर धरून बराच वेळ पाहिला. म्हणाला, "बाई, गिरणीत पाऊल टाकायचं नाही आता." त्यानं घरी लावायला ऑक्सिजनचं यंत्र दिलं. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडणारं ते यंत्र विजेवर चालायचं. वीज गेली की रूपचंद धावत जाऊन गिरणीचं डिझेल जनरेटर सुरू करायचा. जनरेटर जुनं होतं, धूर ओकायचं, पण कधी नाही म्हणालं नाही. तोपर्यंतचा थोडा वेळ रंजनाबाई हलायची नाही, बोलायची नाही, नुसती नवऱ्याकडे बघत बसायची.

आपल्या धंद्यानं बायको अशी झाली, हे रूपचंदच्या मनातून जाईना. पण तिच्यासमोर हे तो एकदाही बोलला नाही. बोलायला हवं होतं. बोलण्याऐवजी तो काहीतरी करायच्या मागे लागला, आणि पुरुषमाणसं बहुधा तसंच करतात.

तेवढ्यात शहाद्याच्या बाजूनं छतावरच्या सोलरची टूम आली. जिनिंगवाल्यानं बसवलं, डाळमिलवाल्यानं बसवलं. बँका धंद्याच्या छतासाठी कर्ज द्यायला लागल्या. कंपनीचा माणूस मिथुन मोटारसायकलवर फिरून गिरणीवाल्यांना समजावायचा, "काका, बिल भरताच ना? तेच पैसे हप्त्यात भरा. हप्ते संपले की वीज तुमची." पोरगा चांगला होता, थापाड्या नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं गावानं त्याला उगाच शिव्या घातल्या. रूपचंदला हप्त्यात आणि बचतीत फारसा रस नव्हता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. सूर्य काही कुणाच्या हुकमानं बंद होत नाही. दिवसभर तरी रंजनाबाईच्या नाकातली हवा थांबायची नाही.

आता हीच गोष्ट त्यानं मिथुनला सांगितली असती, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण कर्ज होतं धंद्यासाठी. मीटर होतं धंद्याचं. त्याच मीटरवरून घरातलं आजारपणाचं यंत्र चालतं हे बँकेला कळलं तर कागद परत येतील, अशी रूपचंदच्या मनानं धास्ती घेतली. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं कुणाला विचारलंही नाही. मिथुन आणि बँकेचे साहेब छत बघायला येणार, त्या दिवशी त्यानं यंत्रावर गोधडी टाकली आणि रंजनाबाईला हळूहळू चालवत छबूबाईच्या घरी नेऊन बसवलं. तिथं ती धापा टाकत हसत होती. "छबू, देख. चोरीना मालनागत लपाडी ठेवं माले नवरानी."

इकडे मिथुननं वहीवर पेन टेकवून विचारलं, "काका, या मीटरवर आणखी कुठलं महत्त्वाचं मशीन चालतं का?"

"नही रे भो. दोन चक्क्या आनी चार बल्ब."

"मग हे पुरेल."

"पन दिवसभर चाली ना?"

"ऊन आहे तोवर चालेल, काका."

दोघंही खोटं बोलत नव्हते, निदान दुसऱ्या प्रश्नापुरतं तरी. बँकेच्या साहेबांनी छताला दोन टाचा मारून पाहिल्या, चहा घेतला, आणि कर्ज मंजूर झालं.

प्लेटा बसल्या तो धोंड्याचा महिना होता. अधिक श्रावण. या महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालायचं आणि त्याला वाण द्यायचं ही आपल्याकडची रीत. रूपचंदची एकुलती एक पोर हेमांगी म्हसावदला दिली होती. जावई धर्मेंद्र लग्नाचे मांडव घालायचा, त्यात लाइटिंगचं कामही करायचा. दोघं आली. छबूबाईनं खापरावर मांडे केले, अनारसे ताटात मांडले. रूपचंदनं जावयाला छतावर नेलं आणि निळ्या प्लेटा अशा दाखवल्या, की जणू त्यानंच त्या रात्रभर जागून घडवल्या होत्या. धर्मेंद्र खाली आला, कोपऱ्यातल्या जनरेटरवर हात ठेवून हसत म्हणाला, "मामा, आते तुमले सूर्यनारायण भेटी गया. मंग हाई डबडं माले दी टाका ना. मांडवले कामा येई."

गमतीतच म्हणाला तो. पण तसं म्हणायची कल्पना हेमांगीनंच त्याच्या कानात घातली होती. आबांना आता त्याचा उपयोग नाही, मांडववाल्याला रोज भाड्यानं आणावं लागतं, असा तिचा सरळ विचार.

खाटेवरून रंजनाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आजून थोडं दिन. पानी सरू द्या."

रूपचंदनं ऐकलं. पण धोंड्याच्या महिन्यात, ताटावर बसलेल्या जावयाच्या तोंडून शब्द निघालेला. तो मागं कसा फिरवायचा? शिवाय त्या दिवशी रूपचंदला आपण गावातले पुढारलेले गिरणीवाले आहोत असं फार वाटत होतं. "लई जा, जवाईबुवा," तो म्हणाला, "हाई तुमनं वान." हेमांगीचा चेहरा उजळला. संध्याकाळी टेम्पो भरून जनरेटर म्हसावदला गेलं.

पुढचे काही दिवस आभाळ भरूनच होतं. अधूनमधून वीज जायची आणि तिच्याबरोबर सोलरही थांबायचं. रूपचंद वर बघायचा. आभाळ काळं. तो म्हणायचा, ढग आले. तेवढा वेळ रंजनाबाई न हलता काढायची; थोड्या वेळात वीज यायची, सोलर चालू व्हायचं, तोवर ढगही हललेले असायचे, म्हणून त्याला आपलं म्हणणं खरंच वाटायचं. मिथुननं जाताना एक गोष्ट बजावून सांगितली होती, प्लेटा स्वच्छ ठेवा, घाण बसली की वीज कमी येते. रूपचंदनं ती मनात पक्की धरली. माणसाला जेवढं कळलेलं असतं, तेवढ्यावरच तो सगळ्या जगाचा अर्थ लावतो.

मग निज श्रावणात एका सकाळी आभाळ धुऊन काढल्यासारखं स्वच्छ झालं. छतावरचं ऊन डोळ्यात मावेना. आणि गल्लीच्या तोंडाशी फट्‌ असा आवाज होऊन वीज पुरवणारी डीपी जळाली. कांडपाची धडधड थांबली. मागच्या खोलीतल्या यंत्रानं लांब शिट्टी मारली आणि तेही गप्प झालं. लाइनमन उदेसिंग सायकल टेकवून ओरडला, "आबा, तुमनी गल्लीनीच गई. येळ लागी. मंदिरकडे लाईट शे."

मंदिराकडे वीज होती. रंजनाबाईला आणि यंत्राला उचलून तिथल्या कुठल्याही घरात नेता आलं असतं. चार माणसं धावून आली असती. रूपचंदनं उदेसिंगला हात हलवून जा म्हटलं. एवढं कर्ज काढून छतावर सोलर बसवलेल्या माणसानं लोकांच्या दारात वीज मागायला जायचं? तेही असं ऊन पडलेलं असताना? त्यानं वर पाहिलं. ढग नव्हते. म्हणजे घाण. इतक्या दिवसांच्या पावसानं चिखलाचे डाग पडलेत, पाखरांनी घाण केलीय, आणि जवळच मिरचीचा भुकटा उडतोच. तो रंजनाबाईजवळ गेला, म्हणाला, "आत्ते चालू करी देस. तू उगी बस." तिनं मान हलवली. बादली आणि फडकं घेऊन तो शिडीवर चढला.

त्यानं प्लेटा पुसल्या, आणि त्या मनापासून पुसल्या. एकेक प्लेट आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. प्रत्येक प्लेट चकचकीत झाली, की त्याला वाटायचं आता खाली यंत्र सुरू होईल. कान तिकडेच होते. म्हणून वाटीचा आवाज त्याला लगेच ऐकू आला. खाटेच्या लोखंडी पायावर वाटी, एकदा, मग थोडं थांबून पुन्हा. गिरणी बंद होती, गल्ली शांत होती. आयुष्यात कधी नव्हता इतका तो आवाज स्पष्ट होता.

"उनू, उनू!" आलोच म्हणत रूपचंद छतावरून ओरडला. "दोनच प्लेटा ऱ्हायन्यात!"

आणि त्यानं त्या दोन्ही पुसल्या.

खाली आला तेव्हा रंजनाबाई भिंतीला टेकून बसली होती. वाटी मांडीत पडली होती. डोळे दाराकडे होते. त्यानं तिला हाक मारली, हलवलं, मग ओरडत रस्त्यावर धावला. छबूबाई आली, जीप आली. शहाद्याच्या रस्त्याला लागायच्या आतच मागच्या सीटवरून छबूबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ड्रायव्हरला गाडी हळू चालवायला सांगितलं.

सोलर का चाललं नाही, हे त्याला दहाव्याच्या दिवशी कळलं. उदेसिंग नदीवर आला होता. डोक्यावरची टोपी हातात घेऊन तो म्हणाला, "आबा, लाईनवर लाईट नसनी ते हाई सोलर आपोआप बंद पडस. तसंच करेल ऱ्हास. नही ते तुमन्या छतवरनी लाईट उलटी लाईनमा येई. त्या दिन मी खांबवर चढेल व्हतू. तुमनं सोलर बंद व्हतं म्हणीसन मी आज आठे उभा शे." बॅटरी लावली तर चालतं, पण ती वेगळी घ्यावी लागते, हेही त्यानं सांगितलं. त्या प्लेटांना, त्या मिथुनला, त्या कंपनीला पोटभर शिव्या द्याव्यात अशी रूपचंदची इच्छा होती, आणि समोर उदेसिंग जिवंत उभा होता. त्याला तीन लेकरं होती. रूपचंदनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि नदीत उतरला.

मंदिराकडच्या विजेबद्दल उदेसिंगनं चारचौघांत एक अक्षर काढलं नाही. वाटीबद्दल तर रूपचंदशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. गाव म्हणालं, जनरेटर असतं तर बाई वाचली असती. हे कुणी वाईट मनानं म्हणालं नाही. पण गावात म्हटलेलं पोरीच्या कानावर गेल्याशिवाय राहतं का?

दिवाळी झाली, लगीनसराई लागली, आणि हेमांगी एका सकाळी पिशवी घेऊन गिरणीच्या दारात उभी राहिली. ती धर्मेंद्रशी बोलत नव्हती. त्याच्या हातचं पाणी घेत नव्हती. मांडवात ते जनरेटर सुरू झालं की तिला आईची धाप ऐकू यायची. "मी सांगं व्हतं त्यासले, आबा. आबाले आते लागत नही असं मीच बोलनू. आनी त्यासनी मांगं. आम्ही दोन्हींनी मिळीसन मायना जीव लिधा." धर्मेंद्र दुसऱ्याच आठवड्यात जनरेटर टेम्पोत घालून घेऊन आला, गिरणीच्या बाजूला उतरवलं, सासऱ्याच्या पाया पडला, बायकोला चल म्हणाला. तिनं दार लावून घेतलं. बिचारा ओट्यावर बसून रडला आणि रिकामा टेम्पो घेऊन परत गेला.

पोर घरात होती म्हणून रूपचंदला बरंच वाटायला हवं होतं. ती भाकरी करायची, त्याचे कपडे धुवायची. सोलर बघायला येणाऱ्या गिरणीवाल्यांना चहाही द्यायची. कारण लोक यायचे. मिथुन कुणाला पाठवायचा नाही, लोकच आपणहून यायचे. रूपचंद त्यांना वर नेऊन सगळं दाखवायचा आणि खाली आल्यावर न चुकता म्हणायचा, "चांगलं शे. घ्या. पन लाईट गई की हाई बी जास, हाई ध्यानमा ठेवा. घरमा कोनी आजारी व्हई ते लपाडू नका, सांगी द्या." लोक मान डोलवायचे. हेमांगी कप गोळा करून आत जायची. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. तिकडे धर्मेंद्रच्या आईनं सोडचिठ्ठीचा विषय काढला आहे, असं छबूबाईच्या कानावर आलं.

रूपचंदनं पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. गेलेलं माणूस परत येत नाही, मग सगळं सांगून काय मिळणार? पोर आपल्याजवळ आहे, तेवढं तरी राहू दे. आईविना पोर, आणि बाईविना घर. पण ती पाण्याचा तांब्या ठेवायला वाकली, की तिच्या मानेची हाडं दिसायची, आणि त्याला कळायचं, की हे ओझं तिचं नाही. हे आपलं आहे, आणि आपण ते गुपचूप पोरीच्या डोक्यावर ठेवून बसलो आहोत.

एका दुपारी ती मिरची निवडत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"हेमा, जनरेटर नव्हतं म्हणीसन नही गई तुन्ही माय."

तिनं मान वर केली.

"मंदिरकडे लाईट व्हती. उदेसिंगनी माले सांगं. मी गऊ नही. माले लाज वाटनी." इथवर तो धड बोलला. पुढचं तो सुपाकडे बघत बोलला. "मी वर प्लेटा पुशी ऱ्हायनू व्हतू. तिनी वाटी वाजाडी. मी आयकं. माले चांगलं आयकू उनं, बेटा. आनी मी तिले सांगं, दोन प्लेटा बाकी शेतस."

हेमांगीच्या हातातली मिरची तशीच राहिली. तिनं विचारलं, "मंग?"

"मंग त्या दोन पुस्यात. आनी उतरनू."

"किती येळ लागना?"

रूपचंद म्हणाला, "तिले जेवढा पाहिजे व्हता, तेवढा."

तिनं सुपातली मिरची पोत्यात ओतली, हात धुतले आणि छबूबाईच्या घरी जाऊन झोपली. सकाळी धर्मेंद्रला फोन करून तिनंच बोलावून घेतलं. तो आला, तिची पिशवी उचलली, जनरेटरही परत टेम्पोत चढवलं. निघताना तिनं बापाच्या पायाला हात लावला, रीत म्हणून. वर पाहिलं नाही.

तिचा संसार पुन्हा नीट लागला. धर्मेंद्र भला माणूस आहे, तिला आता मुलगाही झाला आहे. मुलाच्या बारशाला रूपचंद गेला होता, पंगतीत जेवला, आणि पोरगी दुसऱ्या पंगतीला वाढत राहिली. हे असं होणार हे त्याला सांगण्याआधीच ठाऊक होतं. तरी त्यानं सांगितलं. आयुष्यात त्यानं केलेलं ते एकच धड काम असं मला वाटतं, पण त्याला तसं वाटत नाही, आणि वाटून तरी काय उपयोग?

हेमांगी बापाला फोन करत नाही. छबूबाईला करते, रोज दिवेलागणीला. रूपचंद गिरणी बंद करतो, हातपाय धुतो आणि वेळ साधून छबूबाईच्या ओट्यावर जाऊन बसतो. छबूबाई फोनचा आवाज मोठा करून मध्ये ठेवते. नातवाचं रडणं, भांड्यांचा आवाज, मग हेमांगी विचारते, "काकू, आबा जेवनात का?"

छबूबाई रूपचंदकडे बघते. तो मान डोलवतो.

"जेवनात, बेटा," छबूबाई सांगते.